आप्पांचं अळणी ताट

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बेचव जेवण मी ज्या घरात जेवलो, त्या घराची आठवण अजून जात नाही. निजामाच्या राज्यात उमरग्याकडच्या एका खेड्यात मी मास्तर म्हणून लागलो होतो. शाळा म्हणजे देवळामागची एक पडवी, आणि राहायला आप्पांच्या घरातली रस्त्याकडची खोली. आप्पा भाडं घ्यायला तयार नव्हते. "मास्तरकडनं भाडं घ्यायचं म्हंजे लाज सोडल्यावानी झालं," म्हणाले, आणि जेवणही आमच्यातच, असं सांगून मोकळे झाले. मी खूश. सडाफटिंग माणसाला आणखी काय हवं?

पहिल्याच दिवशी ताटात तव्यावरची ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर घाण्याचं तेल. पहिला घास घेतला आणि थांबलो. मीठच नव्हतं. घालायचं राहिलं असेल म्हणून गप्प बसलो. नव्या घरात पहिल्याच दिवशी खोट कशी काढायची? आमटीचा भुरका मारून पाहिला, तीही तशीच. आप्पा समोर मांडी घालून मन लावून जेवत होते. चुलीपुढून त्यांच्या बायकोनं मिठाची वाटी माझ्याकडं सरकवली. त्यांना सगळं गाव अव्वा म्हणायचं.

"मीठ ह्यात हाय मास्तर. लागंल तसं घ्या. आमच्यात सैपाक अळणीच असतोय."

"का? आप्पांना वैद्यानं सांगितलंय?"

"वैद्य कशाला सांगतोय?" आप्पा म्हणाले. "माझ्या जमिनीला मीठ बाधलंय. तिच्या अंगातनं निघालं की म्या खाईन. तवर न्हाय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. आपली माणसं चातुर्मासात कांदा सोडतात, काशीला जाऊन आवडती भाजी सोडतात, हे ठाऊक होतं. पण जमिनीसाठी मीठ सोडलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही. गावात त्यांना मागून 'अळणी आप्पा' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण आप्पा अंगानं उंच, आवाजानं भारी, आणि रागीट. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, खांद्यावर घोंगडं, आणि जिभेवर बहुतेक वेळा माती.

हो, माती. चालता चालता वाकायचे, ढेकूळ फोडायचे, जिभेला लावायचे आणि थुंकायचे. कुणाच्याही शेतात. एकदा दुसऱ्या गावी एका लग्नाला गेलो होतो, तिथं नवरदेवाकडच्यांच्या मळ्यात जेवणाची पंगत होती. आप्पांनी पानावर बसण्याआधी माती चाखली आणि मोठ्यानं म्हणाले, "पोरगी द्यायला हरकत न्हाय, जमीन गोड हाय." अक्षता पडून गेल्या होत्या. व्याह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

ही जमीन म्हणजे ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेलं काळं रान. आप्पांच्या वडिलांच्या काळात तिथं पुरुषभर उंचीची शाळू ज्वारी यायची म्हणे. वडील गेल्यावर आप्पांनी हौसेनं विहीर पाडली, मोट बांधली, ऊस लावला. विहिरीचं पाणी थोडं मचूळ होतं. बैल पितात, मग उसाला काय धाड भरलीय, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं तेच पाणी पाजलं. पहिली काही वर्षं गूळ चांगला निघाला. मग उसाच्या पात्यांची टोकं जळायला लागली, सरीवर पांढरी खपली धरायला लागली, आणि एक दिवस ते रान चोपण झालं. चोपण म्हणजे काय, हे मी तिथंच शिकलो. ओली असली की पाय घसरतो, वाळली की कुदळ उडते. पाऊस पडला तर पाणी आत मुरत नाही, चहासारखं गढूळ होऊन वरच बसून राहतं. बी टाकलं तर ते आतल्या आत कुजतं.

"दुसऱ्या कुनी न्हाय बिघडवली," आप्पा म्हणायचे. "ह्या हातानं बिघडवली. बा विहिरीला नको म्हनत हुता."

त्यांना मूलबाळ नव्हतं. हे रान नीट करून द्यायचं तरी कुणाला, असं लोक विचारायचे. आप्पा उत्तर देत नसत. एकदा मीच विचारलं, तेव्हा म्हणाले, "कुनाला द्यायचं म्हून न्हाय मास्तर. घेतली तशी ठिवून जायची."

माझ्या खोलीच्या खिडकीवर त्यांचं अतिक्रमण होतं. शाळेतल्या शाईच्या रिकाम्या दौती ते माझ्याकडून मागून नेत, एकेकीत रानातली चिमूटभर माती आणि पावसाचं पाणी घालून हलवत, आणि उजेड चांगला म्हणून माझ्या खिडकीत मांडून ठेवत. धाकट्या भावाच्या रानातल्या मातीची एक दौत शेजारी असायची. भावाची माती सकाळपर्यंत तळाशी बसून वर पाणी निवळशंख. आप्पांच्या दौती मात्र आठ-आठ दिवस गढूळच; मीठ बाधलेली माती खाली बसत नाही. रोज सकाळी मी दात घासत असताना आप्पा येऊन दौतींपुढं उभे राहत, वाकून बघत, आणि एकच शब्द बोलत, "न्हाय." मग जात. माझ्या दिवसाची सुरुवात कित्येक वर्षं त्या 'न्हाय'नं झाली आहे.

धाकटे भाऊ खालच्या अंगाला, बांधाला बांध लागून. कानडीत धाकट्याला तम्मा म्हणतात, आप्पा त्यांना तशीच हाक मारत. तम्मांनी विहीर पाडली नव्हती, ऊस लावला नव्हता, त्यामुळं त्यांची शाळू दरवर्षी डुलायची. स्वभावानं गरीब. आप्पांपुढं मान वर करून बोलत नसत.

आप्पांनी जमिनीवर आधी जो इलाज केला, त्यानं ती आणखी बिघडली. मीठ पाण्यात विरघळतं, तर धुऊन काढू, असा त्यांचा सरळ हिशेब. ओढ्याचं गोडं पाणी अडवून त्यांनी सगळ्या रानात साठवलं. पाणी मुरलं नाहीच, उलट माती फुगून लुकणासारखी चिकट झाली आणि वाळल्यावर फरशीसारखी आवळली. नांगराचा फाळ मोडला. मोडलेला फाळ घेऊन ते घरी आले, तेव्हा अव्वांनी काही न विचारता पाणी पुढं केलं. त्या दिवशी ते अळणीसुद्धा जेवले नाहीत.

मग हैदराबादेहून शेतीखात्याचे एक साहेब दौऱ्यावर आले. पांढरीशुभ्र दाढी, शेरवानीवर धूळ. उर्दूतून बोलायचे, मी आप्पांना मराठीत सांगायचो. साहेबांनी रानात उकिडवं बसून माती चोळली, दौती बघितल्या आणि म्हणाले, नुसत्या पाण्यानं हे होणार नाही. आधी शिरगोळा कुटून घाला. म्हणजे तो पांढरा, नखानं खरवडता येणारा दगड. तो मातीला चिकटलेलं मीठ सोडवतो. मग ताग पेरून गाडा. मग गोडं पाणी द्या. आणि खालच्या बाजूला खोल चर काढा, नाहीतर सुटलेलं मीठ जाणार कुठं?

आप्पांनी ते शेवटचं वाक्य माझ्याकडून दोनदा ऐकलं. पुढं ते त्यांचं बोलणंच झालं. "मीठ मरत न्हाय मास्तर. ते फकस्त जागा बदलतंय."

शिरगोळा सोलापुरात मिळायचा. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, मध्ये निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. आप्पांबरोबर मीही गेलो होतो, सुट्टी होती म्हणून. येताना नाक्यावरच्या कारकुनानं गाड्यातली पांढरी भुकटी पाहिली आणि गाड्या अडवल्या. त्याचं म्हणणं, हे मीठच आहे, चोरून नेताय. आप्पांच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"चाखून बघा की," मी म्हणालो.

"तो चाखेल आधी," कारकून आप्पांकडं बोट दाखवून म्हणाला. "मग मी."

"म्या न्हाय चाखनार," आप्पा म्हणाले. "मला मिठाचा नेम हाय."

"म्हणजे मीठच आहे!"

"न्हाय हो सायेब, मीठ न्हाय. पन तुमी मीठ म्हनताय, अन् तुमी सरकार हाव. सरकार मीठ म्हनत असंल तर म्या जिबंला कसं लावू?"

कारकून वेडा व्हायची वेळ आली. शेवटी त्यानंच बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं, आणि आम्हाला जा म्हणाला. वाटेत मी हसून हसून बेजार झालो. आप्पा हसले नाहीत. त्यांच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच. तुळजापूरच्या डोंगराकडं बघत म्हणाले, "खरंच चाखलं आसतं अन् खारट लागलं आसतं, तर काय केलं आसतं म्या?"

उन्हाळाभर शिरगोळा कुटणं चाललं. अव्वा आणि दोन-चार बायका अंगणात लाकडी मोगऱ्या घेऊन बसायच्या. अव्वांच्या भुवया, केस, नऊवारीचा काठ, सगळं पांढरं व्हायचं. आप्पांनी तो रानात फेकला, ताग गाडला, ओढ्याचं पाणी फिरवलं. चर काढायचा होता ओढ्यापर्यंत, आणि वाट होती तम्मांच्या रानातून. तम्मा म्हणाले, "अण्णा, बांधापतूर ह्या साली काढा. माझ्यातनं फुडच्या उन्हाळ्यात काढू, पीक निघाल्यावर." आप्पांना ते पटलं. चर बांधापर्यंत येऊन थांबला.

त्या भागात येळवस फार मोठा सण. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव रानात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजतात, पिकावर आंबील शिंपडतात, आणि मग येईल त्याला बसवून भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भाजी, बाजरीचे उंडे, खीर वाढतात. आप्पा आपली कोप त्या चोपण रानातच उभी करत. चहूकडं हिरवी रानं, आणि मधोमध ह्या उजाड पांढऱ्या जागेवर एकटी कोप. आंबील शिंपडायला पीक नसे, म्हणून ते ढेकळांवर शिंपडत. दरवर्षी तम्मा आपली बायकापोरं घेऊन तिथंच जेवायला येत. आपल्या रानात नुसती पूजा करत, कोप भावाचीच. तम्मांची पोरं मिठाची वाटी एकमेकांकडं फिरवत हसायची. आप्पांना ते आवडायचं. मला त्या कोपीकडं बघवत नसे, खरं सांगतो. पण जायचो.

पुढच्या उन्हाळ्यात चर पुरा व्हायचा होता. तो झाला नाही. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला, गावं रिकामी व्हायला लागली. मी सरहद्दीपलीकडं सोलापुरात एका नातेवाइकांकडं गेलो. तम्मा कुटुंब घेऊन तिकडंच छावणीत. आप्पा आणि अव्वा मात्र कुठं गेले नाहीत. कुदळ धरायला माणूस मिळेना, आणि आप्पांच्या एकट्याच्या हातून ते होण्यासारखं नव्हतं. मध्ये पावसाळे येऊन गेले, आणि त्या वर्षांत पाऊसही मनमुराद झाला.

पोलीस ॲक्शन झालं आणि आम्ही परत आलो. खोलीचं दार उघडलं तर खिडकीत एकच दौत होती. पाणी निवळशंख. तळाशी काळी माती शांत बसलेली. मागून आप्पांचा आवाज आला, "व्हय."

एवढी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो ऐकल्यावर मला रडूच आलं. आप्पांनी दौत उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "ते हैदराबादचे सायेब कुटं हायत, कळलं का हो काय? त्यास्नी बोलवाय पायजे." कुणालाच काही ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत पुष्कळ माणसांचा पत्ता लागत नव्हता. आप्पा पुढं किती तरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिले.

रानात कंबरेएवढी शाळू उभी होती. आप्पांनी ठरवलं, येळवसेला नेम सोडायचा. गावात बातमी झाली. अव्वांनी त्या दिवशी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भज्जीत मीठ घातलं आणि मला विचारलं, "एवढं बास हुईल का वो मास्तर? अदमास ऱ्हायला न्हाय बगा."

कोप पिकात उभी राहिली. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली, पानं मांडली. सगळे तम्मांची वाट बघत थांबलो. आप्पा म्हणाले, "तम्मा आल्याबिगर म्या घास घेनार न्हाय." ऊन चढलं तरी कुणी येईना. मग एक बाई म्हणाली, "त्येंनी त्येंच्याच रानात कोप केलीय की आवंदा."

आप्पा उठले, ज्वारीतून वाट काढत बांधावर गेले. मी मागोमाग. बांधाच्या पलीकडं तम्मांची कोप होती, आणि कोपीच्या भोवती काहीच नव्हतं. पांढरं रान. जिथं आमचा चर येऊन थांबला होता, तिथून ती पांढरी खपली पंख्यासारखी पसरत थेट ओढ्याकडं गेली होती. आम्ही परत आल्यापासून सगळे वरच्या रानाचं कौतुक करण्यात दंग होतो. खाली कुणी उतरलंच नव्हतं. तम्मांनीही तोंडातून ब्र काढला नव्हता. कोपीपुढं त्यांची बायकापोरं मुकाट्यानं जेवत होती.

आप्पा खाली उतरले. वाकले, ढेकूळ फोडलं, जिभेला लावलं. ते थुंकले नाहीत.

"अण्णा," तम्मा उठून आले, "सनाचा दिस हाय. जावा तुमी, जेवा. लोकं थांबल्यात."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"काय सांगू? एवढ्या सालानं तुमचं तोंड गोड व्हायलंय. त्यात म्या येऊन काय सांगू?"

आप्पा परत आले, पानावर बसले. अव्वांनी भज्जी वाढली. त्यांनी पान हळूच बाजूला सारलं आणि म्हणाले, "मला अळणी वाढ."

"आता का वो?" अव्वांचा आवाज फुटला. "निघालं की तुमच्या रानातलं!"

"निघालं न्हाय. तम्माच्या रानात जाऊन बसलंय. ते माझंच मीठ हाय." एवढं बोलून ते उभ्या पिकाकडं बघत राहिले. अव्वांनी त्यांना खीर दिली, तिच्यात मीठ नव्हतं. त्या माणसाच्या हट्टाचा मला त्या दिवशी इतका राग आला, की मी भज्जी दुसऱ्यांदा मागून घेतली. ती पानातच राहिली, ते निराळं.

आठ दिवसांच्या आत आप्पांनी पाटलासमोर रानांची अदलाबदल केली. वरचं तम्मांना, खालचं स्वतःला. तम्मा रडले, पाय धरले, नको म्हणाले. आप्पांनी ऐकलं नाही. पुन्हा सोलापूरच्या गाड्या, पुन्हा अंगणात मोगऱ्या. ह्या खेपेला चर आधी ओढ्यापर्यंत नेला. स्वतः उतरून खणायचे. वय झालं होतं, दम लागायचा, आणि वर्षानुवर्षांच्या अळणी खाण्यानं अंगात त्राण नव्हतं. मी एकदा चिडून म्हणालो, "आप्पा, मीठ खाल्लंत तर चार दिवस जास्त खणाल." ते म्हणाले, "खरंय मास्तर." आणि खणत राहिले.

माझी बदली तुळजापूरला झाली. जाताना त्यांनी खिडकीतली गढूळ दौत दाखवली आणि हसून म्हणाले, "न्हाय." मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला, आप्पा चरातच बसल्या जागी गेले. मी पोचलो तेव्हा त्यांना विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या पालखीत बसवून रानात आणलं होतं. लिंगायतांत दहन नाही. बसवून मातीत ठेवतात, आपल्याच रानात. खड्डा त्या खालच्या पांढऱ्या रानात खणला होता. तशी त्यांची इच्छा होती. जंगमस्वामींनी लिंग हातावर ठेवलं, बेल वाहिला, भस्म लावलं. मग रिवाजाप्रमाणे अंगाभोवती भरायला भस्माबरोबर मीठ लागतं. तम्मांनी मिठाचं पोतं खांद्यावरून आणून काठावर ठेवलं आणि त्याची शिवण उसवली.

तोवर अव्वा बायकांत बसल्या होत्या. त्या उठून खड्ड्याच्या काठाशी आल्या.

"मीठ नगं."

"आई, रीत आहे," स्वामी म्हणाले. "मिठाशिवाय समाधी भरत नाहीत."

"रीत आसंल. ह्या रानातनं मीठ काडता काडता गेलंय त्ये मानूस. त्येच्या अंगावर पोतंभर मीठ वतताव व्हय?" मग तम्मांकडं वळून म्हणाल्या, "भाऊजी, सोप्यात शिरगोळ्याची पोती हायत. म्याच कुटून ठिवलीत. ती आना."

स्वामींनी खड्ड्यात बसवलेल्या आप्पांकडं पाहिलं आणि म्हणाले, "आणा." तम्मांनी मिठाचं पोतं पुन्हा शिवलं, खांद्यावर घेतलं आणि घराकडं निघाले. येताना शिरगोळा घेऊन आले. अव्वांनी पहिली ओंजळ टाकली. आप्पा मानेपर्यंत पांढरे झाले, उन्हाळाभर अंगणात बसून अव्वा व्हायच्या तसे.

त्या दिवशी घरात चूल पेटवायची नव्हती. शेजारणीनं झाकून भाकरी आणि पिठलं आणून दिलं. अव्वा खाईनात. तम्मांच्या बायकोनं हाताला धरून बसवलं, घास मोडून दिला. मी भिंतीला टेकून बघत होतो. इतकी वर्षं त्या घरात जेवलो, पण अव्वा सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी आडोशाला जेवायच्या; त्यांचं ताट कधी माझ्या नजरेला पडलं नव्हतं. मिठाची वाटी माझ्यापुढं असायची, मग तीच वाटी आत त्यांच्याकडं जात असेल, असं मी धरून चाललो होतो.

अव्वांनी घास तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा वाकडा झाला. घास गिळवेना, टाकवेना.

"खारट झालंय का अक्का?" तम्मांच्या बायकोनं विचारलं. तिनं स्वतः चाखून पाहिलं, मग माझ्यापुढं केलं. पिठलं अगदी बेताचं होतं.

"बरोबर आसंल बाई," अव्वा पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "मलाच मिठाची सवय ऱ्हायली न्हाय."